गुंडूअण्णांचा दुसरा माग

आमच्या वडगावात सरकारी नोकरीतला माणूस वारला, की तिरडीचे बांबू आणायला सगळ्यांच्या आधी गुंडूअण्णा निघत. आणि राख सावडून लोक परत येईपर्यंत त्या माणसाच्या जागेवर कुणाला चिकटवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलेलं असे. यात त्यांना काही वावगं वाटत नसे. पोस्टमन धोंडिबा गेला तेव्हा अण्णा त्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. रडता रडताच उपरण्यानं डोळे पुसले आणि धोंडिबाच्या बायकोला विचारलं, "वैनी, थोरल्याचा सातवीचा दाखला घरातच हाय न्हवं?" भोवतालच्या बायका त्यांच्याकडं खाऊ की गिळू असं बघायला लागल्या. पण थोड्याच दिवसांत धोंडिबाचा थोरला खाकी कोट घालून गल्लीत पत्रं वाटत हिंडू लागला, आणि त्याच बायका अण्णांकडं आपापल्या पोरांना घेऊन आल्या.

अण्णा पुढारी नव्हते आणि कचेरीतलेही नव्हते. ते आमच्यासारखेच विणकर. सोप्यात खड्डामाग, म्हणजे माग जमिनीच्या पातळीवर आणि विणणाऱ्याचे पाय खाली खड्ड्यात. "गुंड्याचं पाय खड्ड्यात आनि डोस्कं कचेरीत," असं आमचे वडील म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. घरात एकटा माणूस आणि दोन माग. एकावर ते विणत. दुसऱ्यावर कायम एक जुनं धोतर पांघरलेलं असे. धंदा मंदावल्यामुळं तो बंद पडला असावा, असं मी धरून चाललो होतो.

या माणसाला मामलेदार कचेरी, पोस्ट, रेल्वे, लोकल बोर्डाच्या शाळा, झालंच तर अनाथाश्रम, वाचनालय आणि धर्मार्थ दवाखाना, एवढ्या ठिकाणी कोण कधी हलणार हे साहेबाच्याही आधी कळे. कसं, याचा मला लहानपणी फार अचंबा वाटायचा. मग एकदा त्यांनीच सांगितलं. साड्या घेऊन ते अंमलदारांच्या घरोघरी जात. शहापुरी साडी मागावर चढवायची, विणायची, म्हणजे बरेच दिवस लागतात. "बाई म्हनल्या, अण्णा, आत्ता नगो, मागनं बघू, की समजायचं, रावसायबांची बदली. आनि एकदम दोन लुगडी मागितली की समजायचं, पेन्शन घिऊन गावाकडं चालल्यात." कलेक्टर कचेरीतून हुकूम निघायच्या आत अण्णांचा उमेदवार टोपी झटकून तयार असे.

त्यांचं एक पालुपद होतं: "माग रिकामा ठिवू ने." विणकराला ते वेगळं सांगावं लागत नाही. साडी उतरवताना जुना ताणा, म्हणजे उभे धागे, आम्ही पुरता कापून टाकत नाही. त्याची टोकं फणीत तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला सांधतो. सगळं उपसून टाकलं तर पुन्हा ओवता ओवता जीव जातो. अण्णांना नोकरीचंही तसंच वाटे. जुना माणूस खुर्चीत आहे तोवरच नवा त्याच्या शेजारी जाऊन बसला पाहिजे. म्हणून ते पोरांना आधी उमेदवारीला धाडत. उमेदवारी म्हणजे बिनपगारी राबणं. कचेरीत जायचं, कारकुनांची पाणी-पानसुपारी बघायची, नकला करायच्या आणि जागा होण्याची वाट बघायची. पोरं कुरकुरत. अण्णा म्हणत, "गप ऱ्हा. सांधा बसतूया."

उमेदवाराला साहेबापुढं धाडायच्या आधी त्यांच्या सोप्यात रंगीत तालीम व्हायची. अण्णा मागाच्या खड्ड्यात बसून साहेब व्हायचे. जमिनीवर फक्त कमरेपासून वरचा साहेब दिसे. पोरानं वहाणा बाहेर काढून, टोपी नीट करून आत यायचं. मग साहेब गुरकावे, "व्हाट इज युवर नेम?" अण्णांचं इंग्रजी तिथं संपे. "सायेब बी एवढंच इचारतोय," ते सांगत. "म्होरलं हेडक्लार्क इचारतोय. त्यो आपल्यातलाच असतोय." तालमीत कुणी चुकून त्या धोतर पांघरलेल्या मागाला टेकलं, तर मात्र साहेबाचा एकदम विणकर व्हायचा. "लांब. त्याला हात न्हाय लावायचा."

आमच्या गल्लीतला मारुती तर तालीम करूनही घोटाळ्यात पडला. निपाणीच्या जकात नाक्यावरचे जुने कारकून वारले होते आणि अण्णांनी मारुतीला तिकडं पिटाळला. मारुती घाबरला, की बाहेर काय काढायचं आणि डोक्यावर काय ठेवायचं, याचा त्याला पत्ताच राहीना. त्यानं वहाणांबरोबर टोपीही दाराबाहेर काढून ठेवली आणि बोडक्या डोक्यानं हेडक्लार्कपुढं जाऊन उभा राहिला. आपल्याकडं बोडक्या डोक्यानं दारात कोण येतो, हे त्या म्हाताऱ्या गृहस्थांना ठाऊक होतं. ते दचकून उठलेच. म्हणाले, "अरे अरे, कोण गेलं?" मारुती खरं बोलायच्या वळणाचा. म्हणाला, "नाक्यावरचं कारकून गेलं, म्हनून आलोय जी." मयत कारकून हेडक्लार्कचे जिवलग स्नेही होते. त्यांच्यासाठी परगावचं पोरगं बोडकं होऊन भेटायला आलं, हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मारुती नाक्यावर लागला. अण्णांनी हे ऐकलं तेव्हा ते हसले नाहीत. पुढच्या उमेदवाराला त्यांनी फक्त विचारलं, "तुला बोडकं जायाला जमंल का?"

आणखी एक खोड होती. नोकरी लागल्याचं सांगायला कुणी गेलं, तर लोक पगार विचारतात, तसं अण्णा विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच: "सांजच्याला घरला येता येतंय का?" गुंजी स्टेशनावर पोर्टर लागलेल्या पोराला त्यांनी संध्याकाळची गाडी धरून घरी येण्याची शपथ घातली होती. निपाणीच्या मारुतीला रोज येणं शक्य नव्हतं, तेव्हा शनिवारी मोटार धरायचं वचन घेतलं. मुंबईची जागा कुणी सुचवली तर अण्णांना ऐकूच येत नसे. त्यांनी लावलेली माणसं आज आठवली तर सगळी बेळगावाभोवती, हाकेच्या टप्प्यात बसवलेली दिसतात. तेव्हा आम्ही याला म्हातारपणाचा चळ म्हणत होतो.

मी मॅट्रिक झालो तेव्हा दुसरी लढाई ऐन भरात होती. सूत मिळेनासं झालं होतं. आमचा माग बंद पडला, वडील दिवसभर खड्ड्यात पाय सोडून नुसते बसत. घरात मीच शिकलेला, मीच हाताशी आलेला. त्याच सुमाराला सांबऱ्याला विमानं उतरायची जागा करायला घेतली आणि लष्कराला कारकून हवेत अशी बातमी आली. उमेदवारी नाही, काही नाही. आज नाव द्या, उद्यापासून पगार. सांबरा आमच्यापासून सायकलीच्या टप्प्यात. मी उड्या मारत अण्णांकडं गेलो.

अण्णांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मला म्हणाले, "न्हाय."

"अवो, सांजच्याला घरला येतोय की मी."

"आज सांबरा, उद्या बसरा," अण्णा म्हणाले आणि उरलंसुरलं सूत भरलेला धोटा मागावर इकडून तिकडं फेकायला लागले.

यमक बरं जुळलं होतं, पण माझं टाळकं फिरलं. पहिल्या लढाईत आपल्याकडच्या पलटणी दर्यापार इराकात, बसऱ्याला नेल्या होत्या, हे मी ऐकून होतो. त्याचा सांबऱ्याशी काय संबंध? मी घरी येऊन आदळआपट केली. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णा न्हाई म्हनत्यात, तर न्हाई. इषय संपला." पै-पैला महाग झालेल्या घरात आईनं हे म्हणावं, याचं मला नवल वाटलं आणि रागही आला.

वर अण्णांनी मला चिकटवलं कुठं, तर शहापुरातल्या धर्मार्थ दवाखान्यात. तेही बिनपगारी. मी बाटल्या धुवायच्या, औषधाचे डोस दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या कातरून बाटल्यांना चिकटवायच्या, आणि म्हाताऱ्या कंपाउंडरकाकांच्या शेजारी उभं राहून मिक्श्चर कसं ढवळतात ते बघायचं. माझ्या बरोबरीची पोरं सांबऱ्याहून नवे बूट वाजवत येत आणि मी खळीनं बरबटलेल्या हातांनी त्यांच्याकडं बघत बसे. आई शेजारच्या गल्लीतली दळणं घ्यायला लागली होती. अण्णांच्या घरावरून जाताना मी मान वळवून चालत असे. ते मात्र आतून ओरडत, "शंकऱ्या, सांधा बसतूया रं."

आणि बसला. कंपाउंडरकाका मुलीकडं राहायला गोव्याला निघून गेले. डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही. त्यांच्या हाताला आता माझीच सवय झाली होती. पगार ठरला, आईचं जातं थांबलं. मागाहून कळलं, की कंपाउंडरबाईंनी लेकीकडं न्यायची दोन लुगडी अण्णांना कधीच सांगून ठेवली होती. मी थक्क झालो. खरं तर सांबऱ्याला गेलेली आमची पोरंही धडधाकट राहिली. त्यांतलं एकही बसऱ्याला गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पहिल्या पगारातून खव्याचा कुंदा घेऊन मी दुपारचाच अण्णांकडं गेलो. ते नेहमीच्या मागावर नव्हते. दुसऱ्या मागावरचं धोतर बाजूला काढलेलं होतं आणि त्याच्या कडेला ते गुडघे मोडून बसले होते. मी तो माग प्रथमच उघडा बघत होतो. त्याच्यावर अर्धी विणलेली साडी होती. रंग विटून मातकट झालेला, काठ जुन्या चालीचा, कडेला कडुलिंबाचा पाला खोचलेला. अण्णा ताण्यातला तुटलेला धागा चाचपडत होते.

मी पाया पडलो, कुंदा दिला. मन खूश होतं, म्हणून बोलून गेलो, "अण्णा, ह्यो माग रिकामाच हाय की. आता सूत बी यायला लागलंय. आमचा माग तर वाळवीनं खाल्लाय, वडलांस्नी बसवा हितं."

"रिकामा न्हाय त्यो."

मग धाग्यावरची नजर न काढता ते बोलायला लागले. "आमचा धाकटा भाऊ, इठू. अक्षर लई झ्याक हुतं. मीच त्याला पलटनीच्या कॅम्पात कारकून म्हनून चिकटवला. माझ्या हातनं लागलेली पयली नोकरी. म्हनलं, कॅम्प काय, चार पावलांवर. रोज सकाळी हितं थोडं इनून मग कामाला जायाचा. एक दीस धोटा ठिवला आनि म्हनला, अण्णा, ऱ्हायलेलं सांजच्याला करतो. त्या दिशी पलटन हलली. त्याला बी घिऊन गेली. बसऱ्याला."

"मग?"

"मग काय. मेला म्हनून कुनी सांगितलं न्हाय. आला बी न्हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मानूस वारल्याबिगर जागा रिकामी हुतीया व्हय रं?"

गावातल्या प्रत्येक मयताच्या जागेवर ज्या माणसानं थोड्याच दिवसांत माणूस बसवला, त्यानं घरातली ही एक जागा एवढी वर्षं धरून ठेवली होती. उंदरांपासून, वाळवीपासून आणि आमच्यासारख्या टेकणाऱ्या पोरांपासून. माझं मन भरून आलं आणि त्या माणसाची मला भीतीही वाटली, देवळात वाटते तशी.

"म्होरं इनत न्हाय मी," अण्णा म्हणाले. "ते त्याचं त्यो करंल. तुटंल तेवढं सांधतो." कुंद्याचा पुडा त्यांनी सोडला, चिमूटभर कुंदा धोट्याशेजारी ठेवला आणि मग स्वतः तोंडात टाकला. "दवाखाना कवा सुटतोय?"

"दिवेलागणीच्या आत."

"मंजी उजेडातच घरला येतूस."

"व्हय, अण्णा."

"मग ब्येस झालं." ते पुन्हा ताण्यावर वाकले, बोटं इकडून तिकडं फिरवली आणि थांबले. "डोळ्यांनी दिसंना आता. ह्यो धागा कुठं तुटलाय, बघ रं जरा."

त्या मागाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी हात अंगावरच्या धोतराला पुसले, खड्ड्यात न उतरता कडेवरूनच वाकलो, आणि तुटलेली दोन्ही टोकं शोधून त्यांच्या बोटांत दिली.