चार ओळींच्या गाण्याआधी दोन शब्द

एका जंगलात, बालमित्रांनो, भार्गव नावाचं एक खवले मांजर राहायचं. बाकीची खवले मांजरं मुंग्या खाऊन झोपतात. भार्गव मुंग्या खाऊन कवितांना चाली लावायचा. चाली आधुनिक होत्या. म्हणजे ऐकणाऱ्याला ठेका धरता आला, की तो ती चाल खोडून पुन्हा करायचा.

शेवंता घोरपडीच्या चार ओळींच्या कवितेवर त्याने तीन वर्षं घालवली. त्यातलं एक वर्ष 'गेला' या एकाच शब्दावर. घोरपडीचा नवरा वणव्यात गेला होता, त्याची ती कविता. तो शब्द ऐकताना पोटात कालवलं पाहिजे, असा भार्गवचा हट्ट होता. आणि खरं सांगतो, चाल तशी उतरली होती.

हे अवघड गाणं गाऊ शकणारी जंगलात एकच, भोरडीबाई. त्या मैनेच्या जातीतल्या, हिवाळी पाहुण्या. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा थवा परत निघणार होता. शिवाय सूर्य मावळल्यावर त्या तोंड उघडत नसत. म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला.

दीपप्रज्वलनासाठी काजवा आणला होता. भर उन्हात तो पेटला की नाही ते कोणाला कळलं नाही, तरी टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष हत्ती लहानपणी आपणही कसे गात होतो, ते तासभर सांगत राहिले.

"अहो, माझं गाणं साडेचार मिनिटांचं आहे," भार्गव चडफडत म्हणाला. "यांना कोणीतरी आवरा."

"आवरतील हो," भोरडीबाई म्हणाल्या. "ऊन आहे अजून."

शेवटी निवेदक पोपट म्हणाला, "आता गाणं. तत्पूर्वी संगीतकारांनी दोन शब्द बोलावेत."

भार्गव उठला. दोनच शब्द बोलायचं त्याने अगदी ठरवलं होतं. पण 'गेला'बद्दल सांगितल्याशिवाय गाणं कळणार कसं? तो 'गे'बद्दल बोलला. मग 'ला'बद्दल. मग दोहोंमधल्या शांततेबद्दल. श्रोते माना डोलावू लागले, तसा त्याला चेव आला. 'आता शेवटचा मुद्दा,' असं तो चौथ्यांदा म्हणाला, तेव्हा सूर्य मावळला. भोरडीबाई पंखात चोच खुपसून झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी थवा उडाला आणि जंगलभर गाण्याची वाहवा झाली. "ही शांतता ऐकायला कान तयार लागतात," असं समीक्षक कोल्ह्याने लिहिलं. वर्षाचा मोठा पुरस्कारही भार्गवला मिळाला. लाजून त्याने अंगाचा चेंडू केला.

शेवंता घोरपडीला वयामुळे कार्यक्रमाला जाता आलं नव्हतं. तिने त्याला बोलावून घेतलं.

"कसं झालं रे गाणं, भार्गवा?"

"छान झालं म्हणतात, मावशी."

"मग तूच म्हणून दाखव. बेसूर झालं तरी चालेल. मला मरायच्या आधी एकदा ऐकायचंय."

भार्गवला भरून आलं. तो तिच्याजवळ बसला. घसा साफ केला. सूर लावायला तोंड उघडलं.

"मावशी," तो म्हणाला, "आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो."

तात्पर्य: न गायलेल्या गाण्यात कोणालाही चूक काढता येत नाही. तेव्हा मुलांनो, चाल कशीही लावा, भाषण मात्र नीट बसवून ठेवा.