खिळे जातात कुठे

शनिवारी साडेबाराला 'तिन्हीसांज' दैनिकाच्या छापखान्यात पुन्हा काम थांबलं. अकरा कंपोझिटर हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवून फोरमन राजारामनाना मुणगेकरांकडे पाहू लागले. शिशाच्या खिळ्यांतला 'र' संपला होता. पाठोपाठ काना संपला. र आणि काना नसताना मराठीत फारसं काही छापता येत नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. एकोणीसशे साठच्या एप्रिलची तीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं आणि विशेषांक चार वाजता गिरगावच्या नाक्यावर हवा होता.

हे वर्षभर चाललं होतं. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, आता रोज. उपाय बरेच झाले. दिवाळीत मालकांनी दोनशे पौंड नवे खिळे आणले. तीन महिने काम सुरळीत चाललं आणि पुन्हा र संपला. अग्रलेख आखूड करावा अशी संपादकांना विनंती केली, तर त्यांनी त्या विनंतीवरच दोन कॉलम अग्रलेख लिहिला. मग व्यवस्थापक हेरंबरावांनी निष्कर्ष काढला की कोणीतरी शिसं चोरून भंगारात विकतंय. ते दाराशी उभे राहून घरी जाणाऱ्यांचे डबे उघडू लागले. तीन दिवसांत त्यांना अर्धा बांगडा, सुकटीची चटणी आणि एका डब्यात कंपोझिटरच्या बायकोने नवऱ्याला लिहिलेली खरमरीत चिठ्ठी मिळाली. शिसं मिळालं नाही.

तेव्हा सर्वांत नवा माणूस तोच चोर, असं त्यांनी ठरवलं. सर्वांत नवा माणूस लालबागचा लवू. तो लागला दिवाळीत. खिळे तर त्याच्या आधीपासून कमी पडतायत, हे नानांनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"तेव्हाचा चोर दुसरा कोणी असेल," हेरंबराव म्हणाले. "आज चारपर्यंत मला नाव द्या, नाना. नाहीतर लवू सोमवारपासून येणार नाही."

लवूच्या बायकोला, चंपाला, सातवा महिना लागला होता. काम थांबलं तेव्हा तो नानांजवळ येऊन एवढंच म्हणाला, "नानानू, माझ्या खोलीत पाय ठेवूक जागा नाय. शिसा खंय ठेवतलंय?"

नानांना ते पटलेलंच होतं. पण पटणं वेगळं आणि हेरंबरावांना दाखवणं वेगळं. म्हणून गेले पंधरा दिवस नानांनी एक उद्योग चालवला होता. छापून झालेली पानं मोकळी करून खिळा न खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, याला ते लोक 'मजकूर सोडणं' म्हणत. नाना मशीनवर जाणारी पानं आधी तोलत आणि दुसऱ्या दिवशी सुटून आलेले खिळे परत तोलत. बहुतेक दिवशी थोडी तूट येई. कधी पाव पौंड, कधी दोन. आज त्यांनी ते आकडे त्या त्या दिवसाच्या अंकाशेजारी मांडले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ज्या दिवशी अंकात निधनाची एकही बातमी नव्हती, त्या दिवशी तूट शून्य होती. सर्वांत जास्त तूट होती त्या दिवशी पाच माणसं वारली होती.

मजकूर सोडायचं काम एकट्या हर्बर्टकडे होतं. हर्बर्ट खोताच्या वाडीतला, पंचवीस वर्षं नोकरीत, सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारा.

"हर्बर्ट, निधनाचा मजकूर कुठे जातो?"

"पोटमाळ्यावर."

हे त्याने सरळ सांगितलं, जणू छत्री कुठे ठेवता असंच विचारलं होतं. नाना शिडी चढून गेले. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या, तारखा घातलेल्या पुड्या भिंतीला लागून रचल्या होत्या. दोनशे अकरा.

"हे कोणी सांगितलं तुला?"

हर्बर्ट शिडीच्या खालच्या पायरीवर हात ठेवून उभा होता. "तुमीच, नाना. छप्पनच्या जानेवारीत."

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. मेलेल्यांची यादी छापखान्यात आली, तेव्हा नाना हॉस्पिटलातून सरळ तिथे आले आणि ती यादी त्यांनी कोणाला हात लावू न देता स्वतः जुळवली. नववं नाव होतं रघुवीर राजाराम मुणगेकर, वय १९, करी रोड. अंक निघाल्यावर ते हर्बर्टला म्हणाले, ही नावं सोडू नकोस, आणि घरी गेले. चौथ्या दिवशी कामावर आले तेव्हा त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. हर्बर्टला सगळं आठवत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी एक जण गेला. त्याचं नाव मोडायचं आणि रघूचं ठेवायचं, हे हर्बर्टला बरोबर वाटेना. मग जो कोणी मेला, त्याचं त्याने ठेवलं.

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारू? रघूचं नाव मोडू का, असं?"

नाना शिडी उतरले. मग म्हणाले, "इथे चोर शोधतायत, माणसाची नोकरी जातेय, आणि तू गप्प?"

"साहेब चोरीचा माल शोधत होते, नाना. हा चोरीचा नव्हता."

पुड्या खाली आल्या. अकराही जण त्या सोडायला बसले. हर्बर्ट मात्र आधी तोंडी हुकूम मागत होता; जुना हुकूम नानांचा, तर तो मोडायचाही नानांनीच. म्हणून तो प्रत्येक नाव वाची, नाना "सोड" म्हणत, आणि पुडी पुढे जाई. वकील गेले, मुकादम गेले, सुंदराबाई नावाच्या एक सुईण गेल्या. शेवटची पुडी सर्वांत जुनी होती. ती हर्बर्टने वाचली नाही, नानांसमोर ठेवली.

"ही ऱ्हवांदेत," लवू हळूच म्हणाला. "इतक्यान काय होताहा?"

"यात चाळीस र आहेत," नाना म्हणाले, आणि त्यांनी सुतळी सोडली.

विशेषांक चारला पाच मिनिटं असताना बाहेर पडला. नाना वर हेरंबरावांकडे गेले आणि चोर म्हणून त्यांनी आपलं नाव सांगितलं. हेरंबरावांनी ते लिहून घेतलं, मग मान वर केली.

"तुमचं नाही, चोराचं विचारतोय."

नानांनी सगळं सांगितलं. हेरंबराव खात्री केल्याशिवाय काही मानत नसत. त्यांनी छप्पन सालचा हजेरीपट काढला, जानेवारीवर बोट फिरवलं आणि लिहिलेलं नाव खोडलं. फोरमनचा हुकूम होता, म्हणजे चोरी नव्हती. लवूही कामावर राहील, असं ते म्हणाले. नाना उभेच राहिले. काहीतरी शिक्षा होईल अशी त्यांची समजूत होती, आणि आता हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"मात्र एक राहिलंय," हेरंबराव हजेरीपटाकडे बघत म्हणाले. "तेव्हा तुम्ही तीन दिवस आला नव्हता. रजेचा अर्ज दिसत नाही."

"दिला नव्हता."

"तेवढा आता द्या."

त्यांनी छापील अर्ज पुढे सरकवला. नानांनी नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. 'कारण' या शब्दापुढे त्यांचा टाक बराच वेळ थांबला. खाली रस्त्यावर फटाके वाजत होते. मग त्यांनी लिहिलं, मुलगा वारला.

हेरंबरावांनी ओल्या शाईवर टीपकागद दाबला, अर्ज आपल्याकडे फिरवला आणि खाली सही करून लिहिलं, मंजूर.