अब्राहमसारांवर सोपवलेलं बाळ

"नव्या सॉफ्टवेअरचा मेल बंद ठेव," सुहरा मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. "आधी दोन-चार खोटी नावं घालून चालवून बघ. खरी माणसं आत घ्यायची घाई करू नकोस. खरी माणसं फार त्रास देतात."

"मॅडम, मी सहा महिन्यांच्या एस्तेरला भरदुपारी झोपवून दाखवते," बिन्सी म्हणाली. "तिच्यापुढे तुमचा सर्व्हर म्हणजे गरीब गाय!"

सुहरा मॅडम म्हणजे कंपनीतल्या तमाम सर्व्हरांच्या मालकीणबाई. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" इतरांच्या शिव्यांपेक्षा वजनदार असतं, हे बिन्सीला ठाऊक होतं. पण तिला घाई होती.

बाळंतपणाची रजा संपत आली होती. नवरा कुवेतला. घरी सासू, म्हणजे अम्मच्ची. कंपनीचे मालक अब्राहमसार यांनी एक अट घातली होती. कोणी कोणतं काम करायचं, किती झालं, कुठे अडलं, हे सगळं ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर बिन्सीनं ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर उभं करायचं. शुक्रवारपर्यंत ते चालताना दिसलं, तर पोर वर्षाची होईपर्यंत घरून काम. नाहीतर रोज सकाळी अंगमालीच्या घरून काक्कनाडच्या ऑफिसपर्यंत बस, आणि एस्तेर दिवसभर अम्मच्चीच्या ताब्यात!

अम्मच्ची प्रेमळ होती. तीच तर भीती होती! डॉक्टरांनी नको म्हटलेलं सोनं-वेखंड ती पोरीला चाटवायला अजून उगाळत होती. एस्तेर शांत झोपली की बिन्सीला वाटे, इतकी शांत का? रडली की वाटे, इतकी का रडते? दर थोड्या वेळानं ती पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

शुक्रवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन पाळण्याशेजारी बसली आणि घरूनच सर्व्हरमध्ये शिरली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली आणि थबकली. परवानगी नाही! परवानगी मिळवली, तर म्हणे एक पॅकेज कमी आहे. ते बोलावलं, तर त्याला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं. लग्नातल्या आत्याबाईंसारखं! आत्याबाई यायच्या तर नणंद हवी, नणंद यायची तर तिचे यजमान हवेत, आणि यजमानांना पथ्याचं जेवण!

"मोळे, अगं पोरी, चहा गार झाला," अम्मच्ची म्हणाली.

"डेटाबेस उठत नाहीये, अम्मच्ची."

"उठवू नकोस गं. आत्ताच डोळा लागलाय तिचा!"

मग एस्तेर खरंच उठली. एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं सेटिंग किती भरणार? बिन्सीनं जुन्या सर्व्हरची सेटिंगची फाइलच जशीच्या तशी उचलून नव्यात टाकली. मेलची जोडणी तिच्यात होती आणि चालूही होती. पण ते बघायला हात कुणाचा मोकळा होता?

दुपारी पडद्यावर लॉगिनचं पान उगवलं. बिन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता चाचणी. खोटी नावं कुठून आणायची! तिनं ऑफिसातली सगळी माणसं यादीत ओतली. आणि कामं? डोक्यात जी होती तीच लिहिली.

'बाळ श्वास घेतंय का बघणे.' निकड: तातडीची. आठवण: दर पंधरा मिनिटांनी.

'अम्मच्चीचं वेखंड बंद करणे.' निकड: तातडीची.

'कुणाकडे' हा रकाना तिनं तसाच सोडला. त्या सॉफ्टवेअरला रिकामा रकाना सोसत नसे. ते गुपचूप यादीतलं पहिलं नाव उचलायचं. आणि इंग्रजी अक्षरक्रमात अब्राहमच्या आधी कोण येणार?

सगळं झकास चाललं! बिन्सीनं फोनचा आवाज बंद केला, पोरीला कुशीत घेतलं आणि पडली. कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

तिकडे काक्कनाडला अब्राहमसारांना बिन्सीच्या सॉफ्टवेअरकडून मेल गेला. 'आपल्याकडे सोपवलेले काम: बाळ श्वास घेतंय का बघणे.' सारांचा घास हातातच राहिला. बिचारीला फोन करायचंही सुचलं नसेल, समोर दिसलं तिथे लिहिलं असेल! त्यांनी फोन लावला. उचलेना. मग त्यांनी मेललाच उत्तर धाडलं, 'काय झालं? लगेच कळव!' सॉफ्टवेअरनं ते कर्तव्यदक्षपणे सगळ्या ऑफिसला वाटलं. सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, काय झालं? आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मेल आला. काम अजून अपूर्ण!

हिशेब विभागातल्या लिजोचा मामा अंगमालीच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा कपियार. लिजोनं त्याला फोन केला. कपियारानं दुसरा काही विचार न करता गाव जमवायला घंटेचा दोर धरला.

घंटा घुमली तेव्हा बिन्सी दचकून उठली. पोरीला पाळण्यात ठेवून दाराशी आली. अंगणात अर्धं गाव! पुढे पाद्री, मागे रबराच्या बागेतून तसेच धावत आलेले शेजारी. आणि तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. घामाघूम अब्राहमसार उतरले आणि चपला न काढता थेट पाळण्याकडे!

"सार? तुम्ही? आज तर ऑनलाइन दाखवायचं होतं ना?"

"बाजूला हो!" त्यांनी एस्तेरच्या नाकाखाली बोट धरलं. सगळं अंगण श्वास रोखून उभं. एस्तेरनं ते बोट पकडून तोंडात घातलं.

"घेतंय!" सार ओरडले. अंगणातून हुश्श झालं. सारांनी खिशातून फोन काढून काम 'पूर्ण' केलं आणि चष्मा पुसला. मग अम्मच्चीकडे वळले. "अम्मच्ची, आता वेखंड बंद करा."

"का म्हणून?"

"माझ्याकडे सोपवलंय ते. तातडीचं आहे. सगळ्या ऑफिसला माहीत आहे."

अम्मच्चीनं सुनेकडे पाहिलं. त्या नजरेनं उगाळलेलं वेखंडही करपलं असतं. "माझं वेखंड? ऑफिसला?"

"अम्मच्ची, ती चाचणी होती..."

"सहा पोरं वाढवली मी त्यावर! एकाची तरी चाचणी केली होती कुणी?"

पाद्री खाकरले. कुणीतरी अंगणातूनच विचारलं, वेखंड नक्की किती उगाळायचं? अम्मच्ची ताडकन आत गेली, आणि रागारागानं सगळ्या गावासाठी चहा टाकला.

सारांचा फोन पुन्हा वाजला. पंधरा मिनिटं झाली होती, पूर्ण केलेलं काम पुन्हा उगवलं होतं. ते गंभीरपणे पाळण्याशी जाऊन बोट धरून आले.

बिन्सीची पाचावर धारण बसली होती. "सार, चूक झाली. पण सॉफ्टवेअर चाललं ना? घरून काम..."

"चाललं म्हणजे? फार उत्तम चाललं!" सार म्हणाले. "माझ्या कंपनीत दिलेलं काम त्याच दिवशी पूर्ण झालं असं आजवर घडलं नव्हतं. पण घरून?" त्यांनी अंगणाकडे हात केला. चहाचे पेले फिरत होते, कपियार कुणाला तरी दोर कसा धरायचा ते शिकवत होता. "या घरात काम होणार आहे का, बिन्सी? सोमवारपासून ऑफिसला ये. पाळणाही घेऊन ये. सुहराच्या खोलीत ठेवू."

तर एस्तेर आता काक्कनाडला जाते. तिच्याभोवती दिवसभर सगळं ऑफिस पाळीपाळीनं घोटाळतं. बिन्सीला बसमध्येही पोर मांडीवर मिळते. त्या घरात सगळ्यांचं भलं झालं, असं म्हणता आलं असतं.

पण अंगमालीच्या त्या घरात सकाळनंतर पाळण्याच्या दोऱ्या नुसत्या लोंबतात. अम्मच्ची फोन उचलत नाही. ऐकू येत नाही म्हणते. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं जाणार असाल, तर जरा डोकावून बघाल का, दुपारची जेवली का ती? दार उघडायला वेळ लावते, पण उघडते. आणि जेवल्याशिवाय सोडत नाही, तेव्हा पोटात जागा ठेवून जा.