सशांची शिरगणती कशी बंद झाली

एका जंगलात, बाळांनो, रोज सकाळी तळ्याकाठी सशांची शिरगणती व्हायची. धोंडोबा कासव मोजायचा. एक जरी ससा कमी भरला, तर प्रधान लांडग्याला सगळ्यांसमोर जबडा उघडून दाखवावा लागे. प्रधानाला याची भारी लाज वाटायची. दातात केस अडकलेले असले की जरा जास्तच.

सगुणा सशिणीला सात पिल्लं. मोजणी होईपर्यंत तिचा जीव टांगणीला. कासव "सात" म्हणालं की मगच ती गवताला तोंड लावायची.

एके दिवशी शहरातून एक पोपट आला. इंग्रजीच्या शिकवणीवाल्या मास्तरांच्या घरी त्याने पिंजऱ्यात दहा वर्षं काढली होती. प्रधानाने त्याला ताबडतोब राजपंडित नेमलं.

पोपटाने सभा भरवली. "सशांनो, तुम्हाला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे? इन्न्युमरेबल!"

"म्हणजे काय हो?" सगुणाने विचारलं.

"मोजता न येण्याइतके! तारे इन्न्युमरेबल, वाळूचे कण इन्न्युमरेबल आणि तुम्हीसुद्धा. एकदा हे विशेषण लागलं की आकडा सांगायचा नसतो. अडाणीपणा दिसतो."

सशांचे कान ताठ झाले. आजवर सगळे त्यांना भित्रेच म्हणत आले होते. ताऱ्यांच्या पंगतीला कोणी बसवलं नव्हतं.

प्रधान गहिवरला. "अशांना मोजणं हा अपमान आहे. शिरगणती आजपासून बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगुणानेही वाजवल्या, अगदी पंजे दुखेपर्यंत.

चौथ्या दिवशी तिचं धाकटं पिल्लू दिसेना. ती रडत सिंहमहाराजांकडे गेली. बाकीचे ससेही मागोमाग आले.

"माझी सात होती हो, महाराज! आता सहाच आहेत. प्रधानजींना जबडा उघडायला सांगा!"

महाराजांनी पोपटाला विचारलं, "इन्न्युमरेबलमधून एक गेला तर किती उरतात?"

"इन्न्युमरेबलच, महाराज."

"मग कमी काय झालं?" महाराजांनी जांभई दिली.

सगुणाने आशेने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली, "गप गं बाई! एका पोरापायी सगळ्यांचं इंग्रजी घालवतेस का?"

पुढच्या सभेला अकराच ससे उरले होते. पोपट म्हणाला, "इन्न्युमरेबल सशांनो!" दहा जणांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : बाळांनो, मोठ्यांनी मान दिला की मुकाट्याने घ्यावा. पोरं काय, पुन्हा होतात. इंग्रजी विशेषण रोज रोज मिळत नाही.