नाडीला लावलेली कानस

तुमच्या घरात असा एखादा माणूस आहे का हो, जो डॉक्टरांची फी भरतो, त्यांचं सगळं बोलणं मान डोलावून ऐकतो आणि घरी येऊन स्वतःच्या मनाचंच करतो? असेल तर ही गोष्ट त्याला वाचून दाखवा. नसेल असं वाटत असेल तर पुन्हा एकदा नीट बघा. अशी माणसं कुठे दडून बसत नाहीत. जेवायच्या टेबलाशी बसून आपल्यालाच अक्कल शिकवत असतात.

या गोष्टीतल्या माणसाला सगळा रस्ता घड्याळवाले काका म्हणायचा. खाली दुकान, वर घर. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून काका बसले की देवानेसुद्धा आपलं घड्याळ त्यांच्याकडून तपासून घ्यावं, असा चेहरा करायचे. गल्लीच्या टोकाला घड्याळांचं आणखी एक दुकान होतं, पण त्याचं नाव काढलं की काका फक्त हसायचे. "तो? तो सेल बदलतो," म्हणायचे. (सेल बदलणं हा त्यांच्या मते चोरीपेक्षा जरासाच वरचा धंदा होता.)

तर या काकांचं स्वतःचंच यंत्र वर्षभरापूर्वी बिघडलं. ब्लड प्रेशर चढलं आणि छातीत उगाच धडधड व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि बीटा ब्लॉकरची गोळी लिहून दिली.

"या गोळीने हृदय जरा सावकाश चालतं, काका. त्याच्यावरचा ताण कमी होतो," बाईंनी समजावलं. "रोज सकाळी एक. चुकवायची नाही आणि मनाने बंद तर अजिबात करायची नाही. घरी नाडी मोजत जा. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली, तर मला फोन करा. फोन! कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. सावकाश हा शब्द मात्र त्यांना आवडला नव्हता. त्यांच्या दुकानात सावकाश चालणाऱ्या वस्तूला आजारी म्हणायचे, बरी झालेली म्हणत नसत.

नाडी मोजायची तीही काका साध्यासुध्या पद्धतीने कशी मोजणार? एक डोळा सेकंदकाट्यावर ठेवला की ठोके चुकतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी काकूंचा स्वयंपाकघरातला टायमर घेतला. घुंडी पिळायची, वेळ संपली की घंटी वाजते. तीन मिनिटं लावायची, डोळे मिटून ठोके मोजायचे आणि तिनाने भागायचं. शिवाय हा टायमर मध्ये बंद पडला होता, तेव्हा आतली स्प्रिंग बदलून तो खुद्द काकांनीच दुरुस्त केला होता. म्हणजे खात्रीचा माल!

काकूंची मात्र त्या टायमरबद्दल एक जुनी तक्रार होती. "अहो, तुम्ही हात लावल्यापासून हा लवकर वाजतो. अंडी कच्ची राहतात माझी."

"अगं, घड्याळवाल्याच्या घरातलं घड्याळ चुकत नाही. तुझा गॅस बारीक असतो."

"गॅस तोच आहे."

"मग अंडी थंड असतील."

काकूंनी अंडी पुन्हा गॅसवर ठेवली. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कुठे बोलायचं ते कळतं आणि कुठे बोलून उपयोग नाही ते त्याहून चांगलं कळतं.

एका सकाळी काकांनी टायमर लावला, ठोके मोजले, भागाकार केला. उत्तर आलं अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. ना चक्कर, ना थकवा, भूक तर अशी की टोस्टचे चार तुकडे संपले होते. पण आकडा पन्नासच्या खाली होता.

आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फोन. बाईंनी दोनदा सांगितलं होतं, फोन. पण फोन करायला काका काय साधे पेशंट होते? ते कारागीर होते. मागे पडणाऱ्या घड्याळात एक इवलीशी दांडी असते, ती केसभर सरकवली की घड्याळ वेळेवर येतं. माणसात ती दांडी कुठे असते, याचा काकांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी त्यांना शोध लागला, की ती गोळ्यांच्या पाकिटात असते.

दुसऱ्या सकाळी गोळी खिशात टाकून ते दुकानात आले. भिंग लावलं, गोळी चिमट्यात धरली आणि सगळ्यात बारीक कानशीने तिची एक कड घासली. (गोळी मधून तोडणं हे अडाण्यांचं काम. काकांना कसं अगदी मापात हवं होतं.) पांढरी भुकटी फुंकून टाकली आणि उरलेली गोळी पाण्याबरोबर घेतली.

रोज नवी गोळी आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त घासत गेले. आकडा चढायला लागला, तसा काकांचा उत्साहही चढला. शेवटी गोळी इतकी लहान झाली की चिमट्यातून उडून सुट्या भागांच्या डबीत पडली आणि एका बायकांच्या घड्याळाच्या चाकांमध्ये हरवली. मग काकांनी गोळी घेणंच सोडून दिलं. तीन-चार दिवसांत टायमर बहात्तर दाखवू लागला. बहात्तर! शाळेच्या पुस्तकात असते तशी नाडी! काकांना इतका आनंद झाला की ते समोरच्या शिंप्याला सांगायला रस्ता ओलांडून गेले.

"स्वतःचं हृदय स्वतः वेळेवर लावलं," काका म्हणाले.

शिंप्याने कात्री बाजूला ठेवली. "ते ठीक आहे हो. पण घाम किती येतोय तुम्हाला! आणि हात का कापतोय?"

"नवा जोम आहे तो."

नव्या जोमाने पुढच्या दोन दिवसांत काकांचं डोकं ठणकायला लागलं. चिमट्यातली केसासारखी स्प्रिंग तीनदा निसटली. तिसऱ्या वेळी ती शोधायला ते टेबलाखाली वाकले आणि उठताना छातीवर कुणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. आत हृदय नुसतं धावत सुटलं होतं. काका भिंतीला धरून जिना चढले आणि खुर्चीत बसले. टायमर समोर होता, पण घुंडी पिळायला हात उचलेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना किती वाजले ते जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना काकू हव्या होत्या.

काकूंनी एकदा चेहरा बघितला. "गोळी घेतली?"

"हो. म्हणजे... आधी घ्यायचो."

काकू ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. शेजारणीला हाक मारून गाडी मागवली आणि काकांच्या पाठीवरचा हात दवाखान्यापर्यंत काढला नाही. अशा अवस्थेतही काका म्हणाले, "टायमर घे बरोबर. पुरावा आहे." काकूंनी तो पर्समध्ये टाकला. मरणाच्या दारातही हा माणूस वाद जिंकायला निघाला होता.

ईसीजी निघाला. सुदैवाने झटका नव्हता. प्रेशर मात्र आकाशाला भिडलं होतं आणि नाडी धावत होती. औषध देऊन, तासन्‌तास झोपवून ठेवून, सगळं जरा आटोक्यात आल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"कानस?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "गोळीला कानस लावलीत?"

"अगदी बारीक होती," काका म्हणाले.

"काका, ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती घासली की सगळं गणितच बिघडतं. आणि ही अशी एकदम सोडली ना, की इतके दिवस आवरून धरलेलं हृदय उधळतं. झटकासुद्धा येऊ शकतो. कमी करायचीच असेल तर मी करीन, बेताबेताने. तुम्ही नाही."

"पण अठ्ठेचाळीस होती हो! टायमर लावून मोजली. अहो, मी स्वतः दुरुस्त केलेला टायमर आहे. दाखव गं."

काकूंनी टायमर काढून दिला. बाईंनी तीन मिनिटांवर घुंडी पिळली आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. खोलीत टिकटिक सोडून आवाज नव्हता. मग घंटी वाजली.

"अडीच मिनिटं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी तिथेच मनातल्या मनात गणित केलं.

"म्हणजे अडीच मिनिटांचे ठोके तुम्ही तिनाने भागत होतात. तेव्हा तुमची नाडी अठ्ठावन्न होती, काका. मला हवी होती तशी, झकास. आणि ज्या बहात्तरने तुम्ही खूश झालात, ते होते शहाऐंशी."

काकांनी छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

"अंडी," काकू हळूच म्हणाल्या. एवढंच. पण वर्षभराची सगळी कच्ची अंडी त्या एका शब्दात होती.

बाईंनी गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते कागदावर लिहून दिलं आणि तो कागद काकांकडे न देता काकूंच्या हातात ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावलं. निघताना काका अगदी लहान आवाजात म्हणाले, "तो टायमर ना, उद्याच उघडून बघतो मी."

"काही नको," काकू म्हणाल्या. "तुम्ही विश्रांती घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी काकूंच्या समोर बसून अख्खी गोळी घेतली, आणि काकू टायमर पिशवीत घालून गल्लीच्या टोकाच्या दुसऱ्या घड्याळवाल्याकडे दुरुस्तीला देऊन आल्या.