बाबांचं पाणविमान

"शीला, कसं झालं, सांग त." रविवारी सकाळी दयाराम पत्र्याचं विमान मांडीवर घेऊन बसले होते. "तलावावर जाऊन येऊ. गळते का नाई, एकदाचं पाहून घेऊ."

एसटी डेपोतल्या या निवृत्त मेकॅनिकने जुन्या मासिकातलं चित्र पाहून ते सहा महिने पत्रे जोडून, झाळून बनवलं होतं. मूळचं एका परदेशी नौदलाचं, पाण्यावरून उडणारं लढाऊ विमान. चाचणीपुरतं बनलं आणि तिथेच थांबलं.

"जे त्यायनंच सोडून देलं, ते तुम्ही काऊन धरून बसले, बाबा?" धम्मशीलाने तपासायच्या पेपरांतून मान वर केली नाही. "उद्या जाऊ."

"उद्या त उद्या," म्हणून दयारामांनी चहा मागितला.

सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमादिवशी तिने मनाशी ठरवलं, जेवणं आटोपली की विमान तलावात सोडायचं. पण ते खोलीत नव्हतं. माळ्यावर नव्हतं, खाटेखालीही नव्हतं. तिने जनकाबाईंना गाठलं.

"आत्या, बाबांचं विमान कुठी हाय?"

"ते नावेसारखं? पंगतीत," जनकाबाई शांतपणे म्हणाल्या. "बादल्या कमी पडल्या न माय! वरून उघडंच होतं. घासूनपुसून देलं मी. मठ्ठा वाढून राह्यला गणेश."

धम्मशीला मांडवात धावली. चुलतभाऊ गणेश विमान पोटाशी धरून पंगतीतून चालला होता. उजव्या पंखाने एका पाहुण्याची टोपी उडवली, डाव्याने शेजारच्या प्रेमानंदचा चष्मा.

"अबे, ठेव ते खाली!"

"कुठी ठेवू, ताई? बुडाले धार हाय, कलंडन ना!"

"इकडंबी येऊ दे विमान!" पलीकडून कोणी ओरडलं.

आता थांबवलं तर सांडणार, चालू दिलं तर मठ्ठ्याच्या वजनाने जोडांची झाळ सुटणार. काहीच न सुचून तिने एक वाटी उचलली आणि ती विमानाच्या बुडाखाली धरून गणेशमागे वाकून चालू लागली. सतरंजीत पाय अडकून गणेश डगमगला. तिने डोळे मिटले.

चष्मा पुसत प्रेमानंदने विचारलं, "गळलं का? मी काकाले म्हणलंच होतं, हे डुबन."

तिने डोळे उघडून वाटीत पाहिलं. बोट फिरवलं. वाटी कोरडी होती.

मांडवाच्या टोकाला दयारामांचा हार घातलेला फोटो होता. भरल्या पंगतीत, वाटी हातात घेऊन, ती त्याच्याकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "चांगलं झालं, बाबा. लय चांगलं झालं. थेंबबी नाई गळला."