वाफ्यातले आजोबा

आपल्या बालवाडीत फळा नाही, याचा स्वानंदीबाईंना कोण अभिमान! दाभोळजवळ श्रीपतीकाकांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत त्यांची शाळा भरायची. प्रत्येक पोराला एक वाफा, बियाणं घरोघरच्या आज्यांनी दिलेलं. "मातीत घातलेलं परत येतं! रोज पाणी घालायचं नि उकरायचं नाही, मूळ तुटतं!" हा बाईंचा पहिला धडा. पालकसभेत तो सांगताना त्यांची छाती फुगायची.

मग श्रीपतीकाका गेले. बाई शाळा बंद ठेवणार होत्या, पण काकांच्या बायकोनेच, आनंदीबाईंनी, अडवलं. "नको गो. पोरांचा आवाज नसला तर घर खायला उठतं." शाळा भरत राहिली. अस्थींचं मडकं दारच्या फणसाला टांगलेलं होतं, तिकडे बघायचं मोठी माणसं टाळत होती.

दहाव्याला मुलगा उन्मेष विसर्जनाला निघाला. खाडीत होडी तयार, ओहोटी लागलेली. फणसाशी जाऊन बघतो तर नुसती दोरी लोंबतेय!

"वानर!" कुणीतरी ओरडलं. अर्धं गाव दगड घेऊन वानरांमागे पळालं. भटजी घड्याळ बघत बसले. शेवटी मडकं सापडलं, वाफ्यांच्या कडेला. रिकामं!

अस्थी इथेच कुठेतरी मातीत असणार, म्हणून उन्मेषने फावडं उचललं. मुळा गेला, मेथी गेली. पोरांनी भोकाड पसरलं. मेथीवाली आजी सुतकाची पर्वा न करता उन्मेषवर तुटून पडली. शेवटच्या वाफ्यावर त्याचीच चार वर्षांची मुलगी वेदिका पालथी पडून राहिली होती.

"बाबा, उकरू नका! आजोबांचं मूळ तुटेल!"

"काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, आजोबा मडक्यात आहेत? मग आम्ही पेरले."

बाईंच्या स्टुलावर चढून, सगळ्यांनी मिळून मडकं उतरवलं होतं. एकमेकांना मदत करायची, हेही बाईंनीच शिकवलेलं! गाव बाईंकडे वळलं. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं, पण तिथे आधीच श्रीपतीकाका होते.

"उद्यापासून शाळा बंद!" उन्मेष गरजला. ही शाळा सोडून त्यांना दुसरं होतंच काय?

आनंदीबाई पुढे आल्या. "मूठभर माती घे नि जा. ओहोटी थांबायची नाही. नि शाळा बंद कशी करतोस? ह्यांना पाणी कोण घालील?"

त्या थट्टा करताहेत की काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आठवड्याने त्या शेवटच्या वाफ्यात दोन जाड पानं वर आली. "आजोबा आले!" वेदिका नाचायला लागली.

आनंदीबाईंनी वाकून पाहिलं. "अगोबाई, भोपळा! जन्मभर पानात भोपळा दिसला की उठून जायचे!" त्या हसल्या, हसता हसता वाफ्याशी बसल्या, नि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडल्या. बाईंचेही डोळे भरून आले.

वेदिकाने आजीचा पदर ओढला.

"आजी, बाजूला जाऊन रड! खारं पाणी रोपाला चालत नाही, बाईंनी सांगितलंय!"